घोड्यावर बसण्यापूर्वीं

आपल्या पनवेलच्या पूर्वेस, प्रबळगडाच्या पाठीमागें, माथेरानचा डोंगर उभा आहे. त्या रानांतील ठाकूर, धनगर व कातकरी यांस तो पूर्वापार ठाऊक होता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालीं तेथें चढून गेले, आणि तेव्हांपासून हवा खाण्याचें ठिकाण म्हणून त्याची प्रसिद्धि झाली. १९०७ सालीं नेरळहून त्यावर लहान आगगाडी चढूं लागली. पुढें २००३ सालीं भारत सरकारनें तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. दस्तुरी नाक्याच्या पुढें खासगी मोटारींस मज्जाव आहे. म्हणून इतर गांवीं जेथें मोटारीचा कर्णा ऐकूं येतो, तेथें माथेरानास अद्यापि घोड्याची टाप ऐकूं येते. अलीकडे विजेवर चालणाऱ्या रिक्षाहि तेथें आल्या आहेत. परंतु सहलीस गेलेल्या मुलामुलींस विचारावें, तर रिक्षांत बसावयाचें आहे असें सांगणारा विरळा. सर्वांस घोडाच हवा असतो.

ही हौस वाईट नाहीं. अश्वारोहणानें अंग ताठ राहतें, तोल समजतो, मन धीट होतें, आणि मुक्या जनावराशीं समजुतीनें वागण्याची संवय लागते. परंतु घोड्यावरून पडून कोणाचा हात मोडतो, कोणाच्या डोक्यास मार लागतो, आणि क्वचित् एखाद्या घराचा आनंद कायमचा मावळतो, हेंहि तितकेंच खरें. अशा प्रसंगास लोक दैवयोग म्हणून सोडून देतात. ह्या लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्यांतील बराचसा भाग दैवाचा नसून घाईचा असतो. आणि घोड्यावर बसण्यापूर्वीं पांच मिनिटें नीट खर्च केलीं, तर पुष्कळ अपघात टळतात व जे टळत नाहींत त्यांची इजा हलकी होते.

मराठ्यांच्या फौजेंत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्यास घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर. अशा घरचा मुलगा घोड्याच्या सहवासांतच वाढे. खरारा करणें, दाणावैरण घालणें, तंग आंवळणें, खूर पाहणें हीं कामें त्याच्या अंगवळणीं पडत, आणि त्यांतूनच त्याची मांड पक्की होई. आजच्या मुलाची व घोड्याची ओळख मे महिन्याच्या सुटींतील दहा-पंधरा मिनिटांची असते. मुलास घोड्याचा स्वभाव माहीत नसतो, घोड्यास मुलाचा हात माहीत नसतो, आणि आईबाप भाड्याची घासाघीस करण्यांत व छायाचित्र काढण्यांत गुंतलेले असतात. हौस राहिली, पण तिच्यामागील ज्ञान गेलें. तें ज्ञान थोडें तरी परत मिळविल्यावांचून ही हौस निर्धोक होणार नाहीं.

प्रथम घोड्याचा स्वभाव पाहूं. वाघ-लांडग्यांपासून पळून जीव वाचविणाऱ्या प्राण्यांच्या कुळांतील हा प्राणी आहे. भीति वाटली कीं आधीं पळावयाचें आणि मग विचार करावयाचा, हा त्याचा जन्मजात धर्म. त्यांत दुष्टपणा नसतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यानें त्यास बहुतेक सभोंवारचें दिसतें; मात्र बरोबर पाठीमागची व कपाळाच्या अगदीं समोरची जागा त्यास दिसत नाहीं. म्हणूनच शेपटीकडून गुपचुप जाणाऱ्यास तो शत्रु समजतो आणि लाथ झाडतो. घोड्यावर न बसतांहि इजा होते ती बहुधा अशी. यास्तव घोड्याजवळ जातांना त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूनें, त्यास दिसेल असें, हळू आवाजांत बोलत जावें. पाठीमागून जाणें भागच असेल, तर चांगलें लांबून जावें. घोड्यानें कान मागें पाडून मानेशीं चिकटविले, शेपटी जोरानें आपटली किंवा मागचा पाय उचलून धरला, तर तो रागावला आहे असें समजून दूर व्हावें. खाऊ घालावयाचा असेल तर घोडेवाल्यास विचारून, तळहात सपाट उघडा ठेवून घालावा. बोटांत धरून घातल्यास घोडा खाऊबरोबर बोटहि चावतो.

आतां पडण्याचा विचार करूं. लहान चणीच्या तट्टावर बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचें डोकें जमिनीपासून सुमारें दोन मीटर उंच असतें. तेवढ्या उंचीवरून सुटलेली वस्तु जमिनीवर आदळतांना तिची गति ताशीं सुमारें २२ किलोमीटर असते; वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. हा हिशेब उभ्या घोड्याचा झाला. घोडा धांवत असेल तर त्याचा वेग ह्यांत मिळतो, आणि घोडाच अंगावर पडला तर त्याचें भारी वजन आणखी निराळें. पडतांना मूल स्वभावतः हात पुढें करतें, म्हणून मनगट, कोपर व गळपट्टीचें हाड मोडण्याचे प्रसंग अधिक. हीं हाडें बहुधा सांधतात. परंतु जीवावर बेततें किंवा जन्माचें अपंगत्व येतें, तें मुख्यतः डोक्याच्या व मानेच्या इजेमुळें.

निष्णात स्वारहि ह्या नियमास अपवाद नाहींत. दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन ऐबक १२१० सालीं लाहोर येथें चौगान खेळतांना घोड्याखालीं सांपडून मेला. मॅलेट माथेरानास गेले त्याच १८५० सालीं इंग्लंडचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील हे लंडनच्या रस्त्यावर घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्या अंगावर कोसळला, आणि तीन दिवसांनीं त्यांचा अंत झाला. अमेरिकन नट क्रिस्टोफर रीव्ह हे १९९५ सालच्या मे महिन्यांत एका स्पर्धेंत भाग घेत असतां, घोडा अडथळ्यापुढें अचानक थांबला, ते पुढें फेंकले गेले, आणि मानेचे वरचे मणके मोडल्यामुळें मानेखालचें त्यांचें सर्व शरीर निर्जीव झालें. हे कोणी नवशिके नव्हते. मग जें मूल आयुष्यांत प्रथमच रिकिबींत पाय घालीत आहे, त्याच्याविषयीं आपण किती जपावयास हवें!

सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे शिरस्त्राण, ज्यास आपण हेल्मेट म्हणतों. तें काय करतें हें समजून घेतलें पाहिजे. क्रिकेटचा चेंडू झेलतांना चतुर खेळाडू हात ताठ ठेवीत नाहीं. चेंडूबरोबर तो मागें घेतो, म्हणून हात झिणझिणत नाहीं. हेल्मेटच्या आंतील जाड फेसासारखें अस्तर डोक्यासाठीं हेंच काम करतें. वरचें टणक कवच आघात पसरवितें, आणि अस्तर चेपून जाऊन डोकें थांबण्याचा क्षण लांबवितें. एकदां चेपलेलें अस्तर पुन्हा फुगत नाहीं; म्हणून ज्या हेल्मेटनें एक जोराचा आघात सोसला, तें वरून कितीहि नवें दिसलें तरी टाकून द्यावें. घोडेस्वारीचीं हेल्मेटें वेगळीं बनवितात. अमेरिकेंत एफ ११६३ व युरोपांत ई. एन. १३८४ ह्या क्रमांकांचे मानदंड त्यांस लावतात. सायकलचें हेल्मेट त्यांची बरोबरी करूं शकत नाहीं, तथापि उघड्या डोक्यापेक्षां तें बरें. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटें, सपाट बसलें पाहिजे. पट्टा हनुवटीखालीं असा आंवळावा कीं आंत एकच बोट जाईल. मुलानें डोकें जोरानें हलविलें असतां हेल्मेट हललें, तर तें त्याच्या मापाचें नाहीं. आंत अंबाडा, मोठी पिन किंवा दुसरी टोपी असूं नये. मात्र हेल्मेट म्हणजे मंत्र नव्हे. रीव्ह यांनीं तें घातलेलें होतें. तें कवटी वाचवितें, मान नव्हे. म्हणून पुढील गोष्टीहि तितक्याच अगत्याच्या आहेत.

दुसरी गोष्ट पायांची. घोड्यावरून पडण्याहून भयंकर प्रकार म्हणजे पडतांना पाय रिकिबींत अडकून घोड्यामागें फरफटत जाणें. माथेरानसारख्या ठिकाणीं घोड्यावर चढविलेलीं खोगिरें बहुधा मोठ्या माणसांच्या बेताचीं असतात. रिकीब मोठी असली तर मुलाचें सबंध पाऊल तिच्यांतून आरपार जातें. तिचा पट्टा लांब असला तर पाय लोंबकळतात, आणि मग मुलाचे पाय रिकिबीऐवजीं वरच्या चामडी पट्ट्यांतच अडकवून देण्याची युक्ति कोणी करतो. ही युक्ति फार घातक आहे. पडल्यावर तो पाय सुटत नाहीं. पट्टा मुलाच्या मापास आंखूड करून घ्यावा, आणि होत नसेल तर पाय रिकिबीबाहेर मोकळे ठेवून घोडा केवळ चालीनें चालवावा. रिकिबींत पावलाचा फक्त पुढचा चवडा ठेवावा, टांच खालीं दाबावी. पायांत चपला किंवा खोबणीदार जाड तळाचे जोडे नसावे. गुळगुळीत तळ व लहानशी टांच असलेला बूट सर्वांत चांगला, कारण टांचेमुळें पाऊल पुढें घसरत नाहीं व गुळगुळीत तळामुळें तें वेळीं चटकन् सुटतें. लोंबती ओढणी, लांब स्कार्फ, गळ्यांतील पट्ट्याची पिशवी हीं सर्व आधीं काढून ठेवावीं.

तिसरी गोष्ट खोगिराची. चढण्यापूर्वीं घोडेवाल्याकडून तंग पुन्हा एकदां आंवळून घ्यावा. तंग बांधतांना कांहीं घोडे पोट फुगवितात, आणि थोडे चालल्यावर तो सैल पडतो. मग खोगीर एका अंगास कलंडतें व स्वारासह खालीं येतें. खोगीर हातानें हलवून पाहावें. पट्टा कुजला किंवा शिवण उसवली असेल तर दुसरा घोडा मागावा. मागण्यांत लाज कसली? घोड्याच्या पाठीवर किंवा तोंडांत जखम असेल, तो लंगडत असेल किंवा थकून धापा टाकीत असेल, तर त्याच्यावर बसूंच नये. अशा घोड्यावर बसणें हें त्या जनावरास निर्दयपणाचें आणि आपणांस धोक्याचें, म्हणजे दोन्ही परी वाईट.

चवथी गोष्ट चालीची, आणि हींत मोठ्यांचा दोष अधिक. माथेरानच्या तांबड्या मातीच्या वाटा वळणांच्या आहेत. कित्येक ठिकाणीं एका अंगास खोल दरी आहे. कोठें मुळ्या वर आलेल्या, कोठें फरसबंदी केलेली, आणि पावसाच्या ओलाव्यांत तीवर घोड्याचा नाल घसरतो. माकडें अवचित उडी मारतात, वाऱ्यानें प्लॅस्टिकची पिशवी फडफडते, आणि घोडा बुजतो. अशा वाटेवर नवशिक्या मुलाचा घोडा कदमचालीपलीकडे जाऊं देऊं नये. घोडेवाल्यानें पुढें राहून लगामाजवळची दोरी स्वतःच्या हातांत धरलेली असावी. मागून येऊन घोड्यास चुचकारणें किंवा छडी मारणें हें चालावयाचें नाहीं. दोन मित्रांनीं "कोणाचा घोडा पुढें जातो पाहूं" असें म्हणणें म्हणजे संकटास हांक मारणें होय, कारण एक घोडा धांवला कीं दुसरा आपोआप धांवतो. पुढच्या व मागच्या घोड्यांत निदान एका घोड्याच्या लांबीइतकें अंतर ठेवावें. लगाम किंवा दोरी हाताभोंवतीं गुंडाळूं नये. एका घोड्यावर दोघांनीं बसूं नये, आणि जें मूल स्वतःच्या तोलावर ताठ बसूं शकत नाहीं त्यास मांडीवर घेऊन आईबापांनीं घोड्यावर चढूं नये. मोठें माणूस पडलें तर तें मुलाच्याच अंगावर पडतें.

तरीहि घोडा उधळलाच तर काय करावें? किंचाळूं नये, कारण ओरडण्यानें घोडा अधिक भितो. उडी टाकूं नये. खोगिराचा पुढचा भाग किंवा आयाळ घट्ट धरून, पाठ किंचित् मागें व अंग खोगिरांत खोल ठेवून बसावें. पडलोंच तर लगाम सोडून द्यावा, हातांनीं डोकें झांकून अंग गोळा करावें, आणि टापांपासून दूर लोळावें.

ह्या सर्व गोष्टी केवळ माथेरानापुरत्या नाहींत. शिवजयंतीच्या मिरवणुकींत बालशिवाजीच्या किंवा जिजाऊंच्या वेषांत लहान मुलांस घोड्यावर बसविण्याची आपल्याकडे रीत आहे. लग्नाच्या वरातींतहि मुलें नवरदेवापुढें बसतात. तेथें ढोलताशे, ध्वनिवर्धकांचा गडगडाट, फटाके व गर्दी हीं सर्व घोड्यास बुजविणारीं कारणें एकत्र येतात. अशा प्रसंगीं घोडा गर्दीची संवय असलेला निवडावा; दोन्ही बाजूंस एकेक जाणता माणूस चालावा; घोडा वाद्यांपासून बऱ्याच अंतरावर ठेवावा; जवळपास फटाका वाजूं देऊं नये. पडूं नये म्हणून मुलास खोगिरास बांधणें हा उपाय नव्हे, अपाय आहे. फेट्याखालीं हेल्मेट शोभत नाहीं, असें कोणी म्हणेल. तर मग त्या मुलास सजविलेल्या गाडींत बसवावें. महाराजांची थोरवी त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं.

पडल्यानंतरच्या उपचाराविषयीं थोडें सांगतों. मूल बेशुद्ध असेल, मान किंवा पाठ दुखते म्हणेल, किंवा हातपायांस मुंग्या येतात म्हणेल, तर त्यास उचलूं नये, बसवूं नये, पाणी पाजूं नये. डोकें व मान आहे त्याच स्थितींत दोन्ही हातांनीं स्थिर धरावीं, श्वासास अडथळा नसेल तर हेल्मेटहि काढूं नये, आणि १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरावरून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो, म्हणून ही हांक घालण्यास एक क्षणहि दवडूं नये. डोक्यास मार लागल्यावर मूल लगेच उठून हंसूं लागलें, तरी पुढचे एक-दोन दिवस त्यावर नजर ठेवावी. वारंवार ओकारी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणें, झटके, कानांतून किंवा नाकांतून पाण्यासारखा स्राव, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणें, ह्यांतील एकहि लक्षण दिसतांच रुग्णालय गांठावें. पोटांत लाथ बसली असेल व नंतर पोट दुखूं लागलें किंवा चेहरा पांढरा पडला, तर आंत रक्तस्राव झाला असण्याचा संभव असतो. तेथेंहि विलंब नको. मोडलेल्या हातास तेल चोळूं नये. गुंडाळलेलें मासिक किंवा फळी आधारास बांधून हात झोळींत घ्यावा. मुलांच्या हाडांच्या टोकांशीं वाढ करणारी कूर्चा असते; ती बिघडल्यास हाड वांकडें वाढतें, म्हणून साध्या वाटणाऱ्या सुजेसहि वैद्याची परीक्षा हवी. घोड्याच्या लिदींत व तिनें मळलेल्या मातींत धनुर्वाताचे जंतु असतात. दहाव्या व सोळाव्या वर्षीं द्यावयाची लस दिली आहे कीं नाहीं हें पालकांनीं आजच पाहून ठेवावें.

"पडलास तर लगेच पुन्हा घोड्यावर बैस, म्हणजे भीति जाते," अशी एक समजूत आहे. डोक्यास मार लागला असेल तर ती मुळींच मानूं नये. मेंदूस धक्का बसल्यावर त्यास विश्रांति हवी असते. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावांचून घोडा, सायकल व खेळ हीं बंद ठेवावीं. धैर्य दाखविण्यास पुढें सारें आयुष्य पडलें आहे.

ह्यांत घोडेवाल्यांस दोष देण्याचा हेतु नाहीं. माथेरानास शेंकडों कुटुंबांचें पोट घोड्यावर चालतें; ते आपल्या घोड्यांस पोटच्या पोरासारखें जपतात, आणि कोणता घोडा शांत व कोणता हूड हें त्यांच्याइतकें कोणी जाणत नाहीं. म्हणून त्यांस आदरानें विचारावें: "काका, मी पहिल्यानेंच बसतों आहें; सर्वांत शांत घोडा कोणता?" असा प्रश्न करणाऱ्यास ते हंसत नाहींत. पालकांनीं भाडें ठरवितांना आणखी दोन गोष्टी ठरवाव्या: घोडा धांवणार नाहीं, आणि दोरी हातांतून सुटणार नाहीं. घोडेवाल्यास घाई करावयास लावून कमी भाड्यांत जास्त फेरा मागणें, हें आपल्याच मुलाच्या जीवाशीं सौदा करण्यासारखें आहे. शाळांनींहि सहलीच्या सामानांत चेंडू व दोऱ्या नेतात तशीं निरनिराळ्या मापांचीं पांच-सहा हेल्मेटें नेलीं, आणि मुलांस पाळीपाळीनें बसविलें, तर खर्च थोडा व लाभ मोठा होईल.

विद्यार्थिमित्रहो, हेल्मेट मागणारा, तंग तपासणारा, "काका, घोडा हळू न्या" असें स्पष्ट सांगणारा मुलगा भित्रा नव्हे. जुने शिलेदार रणांत निर्भय होते, पण तंग न पाहतां घोड्यावर चढत नव्हते. त्यांचें शौर्य आपणांस आवडतें. त्यांची तयारीहि आपण उचलावी. येत्या सुटींत डोंगरावर अवश्य जा, घोड्यावर अवश्य बसा, आणि ज्या पायांनीं चढलां त्याच पायांनीं उतरून घरीं या.